शून्य पूर्णांक शून्य दोन

गेल्या रविवारी सकाळी सव्वासातला अलिबागजवळच्या चौलमधल्या एका सुपारीच्या वाडीत मला टेप म्हणून वापरण्यात आलं. पोटऱ्या अजून दुखताहेत, तोवरच लिहून टाकतो.

बेत साधा होता. पुढच्या महिन्यात हाफ मॅरेथॉन आहे, पैसे भरून झालेत, त्यामुळे माघार नाही. सासुरवाडी नागावची. मेव्हण्यानं मला पहाटे मोटरसायकलवरून आक्षीला सोडायचं, मी तिथून रेवदंड्याच्या किल्ल्यापर्यंत पळायचं आणि एसटीनं परत यायचं. बारा-तेरा किलोमीटर. सपाट रस्ता, दोन्ही अंगांना नारळी-पोफळी, मधूनच समुद्राचा आवाज. आमच्या ऑफिसातली मंडळी असलं काही पळायला विमानाची तिकिटं काढून जातात. मला हे लग्नात मिळालंय.

सुरुवात मुद्दाम आक्षीच्या शिलालेखापाशी केली. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२. मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांत याची गणना होते. वर चंद्र-सूर्य, सुरुवातीला जगात सुख नांदो अशा अर्थाची ओळ, आणि खाली दान मोडणाऱ्यासाठी गाढवाचा शाप. शापाचं चित्रही कोरलंय, त्याचं वर्णन घरच्या माणसांत करता येत नाही. एका दगडावर आधी सर्वांचं भलं चिंतायचं आणि लगेच दमही भरायचा, ही सोय बघून मला पहाटे सहाला फार हसू आलं होतं.

नागावपर्यंत झकास गेलं. पुढे मी एक पाखाडी हेरून ठेवली होती. दोन वाड्यांमधून जाणारी, जांभ्या दगडाची, थेट पुळणीवर उतरणारी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत बायकोनंच दाखवली होती. ती गेली आहे. म्हणजे पाखाडी असेल, पण तिच्या तोंडावर आता आठ फुटी भिंत आहे, भिंतीला लोखंडी गेट आहे, गेटवर खाजगी मालमत्तेची पाटी आहे आणि पाटीखाली कुत्र्याचं चित्र आहे. आत दिवे लागलेले, माणूस एक नाही. वॉचमन म्हणाला, ‘‘समुद्र बघायचाय तर तिकडून जा, पार्किंगकडून.’’ पार्किंग दीड किलोमीटर मागे. मी समुद्र सोडून दिला आणि डांबरी धरली. मिनीडोर रिक्षांचा धूर खात, पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकवलेल्या टपऱ्या मोजत चौलपर्यंत आलो. तोंड आंबलेलंच होतं, हे पुढच्या प्रकाराआधी सांगितलेलं बरं.

चौलमध्ये बुटाची नाडी सुटली. एका वाडीच्या कडेला, गडग्यावर पाय टेकवून मी ती बांधत होतो, तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ टुणकलं. दर किलोमीटरला टुणकतं ते.

‘‘किती भरलं?’’

गडग्यापलीकडे एक काका उभे होते. पंचा, वर लोकरी बनियन, हातात कोयती.

‘‘नऊ,’’ मी म्हणालो.

‘‘नऊ गुंठे?’’

‘‘किलोमीटर. पळतोय मी.’’

‘‘पण मोजतंय ना ते?’’

‘‘हो.’’

‘‘कशावरून?’’

इथे मी चुकलो. ‘असंच आहे काहीतरी’ म्हणून सुटायचं होतं. पण अठरा हजारांच्या वस्तूबद्दल कोणी आपणहून विचारलं की माणूस हुरळतो. मी म्हणालो, ‘‘सॅटेलाइटवरून.’’

काकांनी कोयती गडग्यावर ठेवली. ‘‘आलात एकदाचे! मोजणीवाले म्हणालेलेच, आता सॅटेलाइटवरून मोजणी होणार म्हणून. पैसे भरून दोन पावसाळे झाले. या, आत या.’’

मी सांगितलं, मी मोजणीचा नव्हे, मी नागावला सासरी आलोय. यानं तर पुरता अडकलो. कोणाकडे, कोणत्या आळीला, सासऱ्यांचे वडील म्हणजे ते रहाटावरून पडलेले का, हे झाल्यावर काका म्हणाले, ‘‘मग जावईच की आमचे. जावयाला काय, दोन मिनिटांचं काम!’’

काम असं. काकांची वाडी आणि धाकट्या भावाची वाडी शेजारी शेजारी. वडलांनी वाटून दिलेल्या. कागदावर काकांची रुंदी विहिरीच्या कट्ट्यापासून बांधापर्यंत सत्तावीस मीटर. काकांचं म्हणणं, बांध दर पावसाळ्यात वीतभर त्यांच्या अंगावर येतो. बांध आपणहून येत नाही, हे सांगताना त्यांनी धाकट्याच्या घराकडे बघितलं.

‘‘कट्ट्यापासून बांधापर्यंत पळा. सरळ पळा. पाटात पाय घालू नका.’’

पळालो. सकाळच्या थंडीत नाही कसं म्हणायचं? घड्याळात बघितलं आणि वाचून दाखवलं, ‘‘शून्य पूर्णांक शून्य दोन.’’

काकांचा चेहरा पडला. असा चेहरा मी फक्त बारावीच्या निकालादिवशी आरशात बघितलाय.

‘‘बापजाद्यांची वाडी,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘आणि शून्य?’’

मी समजावलं. घड्याळ किलोमीटरमध्ये दाखवतं, दोनच आकडे, म्हणजे वीस मीटर, थोडं पुढेमागे. मुळात हे यंत्र याकरता नाहीच. उपग्रहाचा इशारा पकडून ते सेकंदासेकंदाला आपली जागा ठरवतं, त्यात चार-पाच मीटरची चूक मोकळ्या आभाळाखालीही होते, आणि इथे तर डोक्यावर पोफळीचं छत. तुमचं भांडण दोन हातांचं. काकांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मग दहा वेळा पळा. दहानं भागू.’’

जुन्या सातवीचं गणित. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

तर मी, वय वर्षं सेहेचाळीस, विहीर ते बांध, बांध ते विहीर. पाटात पाय गेलाच. चौथ्या खेपेला झाप अंगावर पडता पडता राहिला. सहाव्या खेपेपासून गडग्यावर माणसं दिसायला लागली. शाळेतली दोन पोरं, एक दूधवाला, एक आजी. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी १४६९ मध्ये याच चौल बंदरात उतरला होता. रेवदंड्याला शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. त्यानं लिहून ठेवलंय की जाईन तिथे लोक मागे येतात, गोऱ्या माणसाचं नवल करतात. पुढे जुन्नरला खानानं त्याचा घोडाच काढून घेतला. निकितीन सुटला. त्याच्याकडे निदान घोडा होता, खानानं तो घेतला. इथे माझे पायच हवे होते.

दहा झाले. शून्य पूर्णांक सव्वीस.

‘‘सव्वीस मीटर!’’ काका गरजले. ‘‘बघा! माझं एक मीटर पलीकडे!’’

पलीकडून आवाज आला, ‘‘नऊच झाल्या.’’

धाकटे. तोंडात दातण, कधीपासून उभे होते कोण जाणे. ‘‘मी मोजतोय. नऊ खेपा. भागा नऊनं.’’ गडग्यावरच्या पोरानं मोबाइलवर भागाकार केला. पावणेएकोणतीसच्या वर. ‘‘म्हणजे,’’ धाकटे दातण काढून म्हणाले, ‘‘पावणेदोन मीटर आमचे खाल्लेत.’’

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. दहा की नऊ? खरं सांगतो, मला माहीत नव्हतं. मी पळताना मोजत नाही, घड्याळ मोजतं म्हणून तर ते घेतलंय.

‘‘परत पळा,’’ दोघं एकदम म्हणाले. आजी म्हणाली की वाटणीनंतर या दोघांचं एकमत झालेलं ती पहिल्यांदा बघतेय.

या वेळी व्यवस्था चोख होती. दर खेपेला एक सुपारी, धाकट्यांच्या ओंजळीतून दूधवाल्याच्या किटलीच्या झाकणात. दहा सुपाऱ्या, दहा खेपा, वाद नको. आकडा आला शून्य पूर्णांक एकतीस. एकतीस मीटर.

काका माझ्या मनगटाकडे बराच वेळ बघत राहिले. ‘‘चायनीज हाय,’’ म्हणाले.

धाकटे मात्र प्रसन्न होते. सरकारी माणूस असा सरळ असावा, म्हणाले, आणि चहा घेता का असं विचारलं. काकांनी मला तिथेच ऐकवलं की जावई खुशाल कोणाकडेही चहा घेऊ दे, त्यांचं काही म्हणणं नाही. मी चहा घेतला नाही. कोकणात अशा चहाला तीन पिढ्या लागतात निस्तरायला.

निघताना रस्त्यापलीकडे नजर गेली. तिथे तशीच एक भिंत. जांभा, आठ फूट, वर काचा. काकांना विचारलं, इथेही वाडी होती ना? ‘‘तीन एकर,’’ ते म्हणाले. ‘‘रात्रीत गेली. विकणारा मुंबईला, घेणारा मुंबईचा. त्यांनी कोणाला पळवलं नाय. भिंतच घातली.’’ असं म्हणून ते परत बांधाकडे वळले आणि धाकट्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं काठीनं मोजायला लागले.

पुढे रेवदंड्यापर्यंत गेलो, पण पळालो असं म्हणवत नाही. किल्ल्याच्या वेशीतून डांबरी रस्ताच आत जातो आणि तटाच्या पोटात वाड्या आहेत, घरं आहेत. पोर्तुगीज १७४० पर्यंत होते. त्यांचा सातखणी बुरूज अजून अर्धामुर्धा उभा आहे. त्याच्याखाली बसून मी चिखलाचे मोजे काढले. शेजारी शनिवार रात्रीच्या थर्माकोलच्या ताटल्या होत्या. एवढा जाड तट, एवढ्या तोफा, पण ताटल्या आत आल्याच. किनाऱ्यावर उतरावं म्हटलं, तर दोन चारचाक्या वाळूत गोल गोल फिरत होत्या, स्पीकर लावून. ऊन चढलं होतं. एसटीला अजून चाळीस मिनिटं होती.

संध्याकाळी ॲपवर नकाशा चढवला. आक्षीपासून रेवदंड्यापर्यंत छान निळी रेघ आणि चौलला मधोमध, लहान मुलानं पेन टेकवून गिरगटावं तसा काळपट गोळा. वर शाबासकी होती, आजवरची सर्वांत जास्त वळणं. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर लगेच कोणीतरी विचारलं, ‘‘चौलला काय झालं रे?’’

‘‘कुत्रं मागे लागलं,’’ मी लिहिलं.

सतरा जणांनी काळजी व्यक्त केली. मेव्हण्याचा फोन मात्र त्यानंतर आला. धाकटे घरी येऊन गेले म्हणे, एक शहाळं ठेवून. त्यांची रुंदी राहिलीय. पुढच्या रविवारी येताना बूट तेच आणा, म्हणाले, आकडा चांगला येतो.