'म्युटेशन निघालं, म्हणजे दोष घराण्यातलाच' हे कुणी सांगितलं?

आयुष्यात सिगारेटला हात न लावलेल्या माणसाला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला, की एक मेसेज हमखास फिरतो: 'रिपोर्ट बघा, ईजीएफआर म्युटेशन पॉझिटिव्ह. आजार जनुकांतला, घराण्यातला. प्रदूषणाच्या नावानं उगाच ओरड.'

आधी 'घराण्यातला'चं बघू. ईजीएफआर हे पेशींच्या वाढीशी संबंधित एक जनुक, आणि म्युटेशन म्हणजे त्यात झालेला बिघाड. त्याची तपासणी बहुधा बायोप्सीत काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर होते, आणि ऑसिमर्टिनिबसारखी, नेमक्या याच बिघाडावर काम करणारी गोळी लागू पडेल का हे ठरवायला होते. सापडलेला बिघाड जवळजवळ नेहमीच त्या गाठीपुरता असतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो, मुलांकडे जातही नाही. जन्मजात ईजीएफआर बदलाची घराणी आहेत, पण अगदी विरळा.

'जनुकांतला, म्हणून हवेचा नाही' ही खरी गफलत. २०२३ मध्ये लंडनचे कॅन्सर-संशोधक चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटानं फुफ्फुसाच्या निरोगी ऊतीचे २९५ नमुने तपासले. १८ टक्क्यांत ईजीएफआरचे आणि ५३ टक्क्यांत केआरएएस या दुसऱ्या जनुकाचे कॅन्सरला पोषक बदल आधीच होते! म्हणजे बिघडलेल्या पेशी असतात, पण गप्प बसून असतात. पीएम २.५, म्हणजे प्रदूषित हवेतले अतिसूक्ष्म कण आत गेले की मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी चवताळून इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह वाढवणारं रसायन सोडतात, आणि त्या दाहात या गप्प पेशी वाढायला लागतात. उंदरांमध्ये हेच रसायन अँटिबॉडीनं अडवल्यावर गाठी कमी झाल्या. बिघाड आणि हवा इथे एकमेकांचे साथीदार आहेत. एकाचं नाव घेतलं म्हणून दुसरा सुटत नाही.

बरं, हवा डीएनएला धक्काच लावत नाही असंही नाही. २०२५ च्या शरलॉक-लंग अभ्यासात कधीही धूम्रपान न केलेल्या ८७१ रुग्णांच्या गाठींचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचले गेले. जास्त प्रदूषित प्रदेशांतल्या गाठींत म्युटेशन्स जास्त होती, कॅन्सरला आवर घालणाऱ्या टीपी५३ जनुकाचे बिघाड जास्त होते, आणि एरवी तंबाखूशी जोडला जाणारा म्युटेशन्सचा खास नमुना, म्हणजे ठसाही जवळपास चौपट दिसला. हा संबंध प्रदेशाच्या पातळीवरचा आहे. त्यावरून एकट्या रुग्णाला 'तुझा कॅन्सर हवेमुळेच' असं सांगता येणार नाही.

'शास्त्रज्ञांतच एकमत नाही' म्हणणाऱ्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं बाहेरच्या प्रदूषित हवेला २०१३ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सरकारक ठरलेल्या घटकांत टाकलंय.

आता यावरून कुणी 'मग हवा काय नि सिगारेट काय, सारखंच' म्हणत झुरका मारणार असेल, तर तेही खोटं. रोज पाकीटभर ओढणाऱ्याच्या फुफ्फुसातल्या प्रत्येक पेशीत वर्षाला सरासरी १५० नव्या म्युटेशन्सची भर पडते.