दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर: पाकिटावरची अक्षरं, स्क्रीनवरची अक्षरं

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. वेबसाइट करून घ्यायला निघालेले इतर लोकही तो वाचणार, म्हणून फोन न करता इथेच सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मसाल्याच्या पाकिटावरची अक्षरं वेबसाइटवर नाहीत. जी आहेत ती तुमच्या मॅकबुकवर छान, मुलाच्या आयफोनवर बारीक आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर दातेरी दिसतात. जर्मनीतल्या नणंदबाईंना 'ऑर्डर' शब्दात ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. दिवाळीच्या बॅनरवरची अक्षरं फुगलेली आणि तुटलेली. पान उघडताना आधी भलतीच अक्षरं येतात आणि मग बदलतात. शेवटी, "पैसे पूर्ण घेतले, काम अर्धवट केलं."

यातल्या काही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत, त्या करून देतो. बाकीच्या कोणालाच करता येणार नाहीत, आणि करून देतो म्हणणारा भेटला तर त्याला पैसे देण्याआधी जरा थांबा.

आधी पाकीट. छापखान्याने ते जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये लावलंय. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. कागदावर शेवटी शाईच उमटते, त्यामुळे छपाईत काही अडत नाही. वेबवर मात्र 'गोडा मसाला' शोधणाऱ्याला तुमचं पान सापडणार नाही, कारण फाइलमध्ये तो शब्दच नसतो, रोमन खुणांचा काला असतो. शिवाय फॉन्टचा छपाईसाठीचा परवाना सहसा वेबला चालत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. हे कोटेशनच्या वेळीच बोलणं झालं होतं, आणि तो खर्च नको हा तुमचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. म्हणून पाकिटावरचं नाव फक्त लोगोत, एसव्हीजी (रेषांचं, मोठं केलं तरी न फाटणारं) चित्र म्हणून ठेवलं. तेवढं सगळीकडे एकाच आकाराचं दिसेल.

मथळ्यांसाठी 'यात्रा वन' घेतला. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो बेतलाय आणि पाकिटाच्या ठसठशीत वळणाला त्यातल्या त्यात जवळचा आहे. मजकुराला 'टिरो देवनागरी मराठी'. कॅनडातल्या टिरो टाइपवर्क्सने देवनागरीच्या हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्या काढल्या आहेत. मराठीतल्या आवृत्तीत ल आणि श मुळातच आपल्या वळणाचे येतात, त्यासाठी ब्राउझरची मर्जी सांभाळावी लागत नाही. दोन्ही फॉन्ट मोफत आहेत.

फॉन्टच्या फाइली गूगलवरून न मागवता तुमच्याच सर्व्हरवर ठेवल्या, तेही मुद्दाम. पूर्वी एका साइटसाठी उतरलेला गूगल फॉन्ट दुसऱ्या साइटलाही आयता मिळायचा. ऑक्टोबर 2020 मध्ये क्रोम 86 आलं तेव्हापासून ब्राउझर प्रत्येक साइटचा साठा वेगळा ठेवू लागले आणि तो फायदा संपत गेला. आणि 2022 मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने एका साइटवाल्याला 100 युरो भरपाई द्यायला लावली, कारण त्याच्या पानाने गूगलवरून फॉन्ट मागवताना पाहुण्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा नंबर) परवानगीशिवाय अमेरिकेला पाठवला. तुमच्या फराळाची पार्सलं जर्मनीला जातात, म्हटल्यावर ही काळजी घेतलेली बरी.

आता बारीक-जाड. फॉन्टच्या फाइलमध्ये अक्षराची बाह्यरेषा असते, ठिपके नसतात. त्या रेषेतून स्क्रीनवरचे ठिपके भरण्याचं काम ज्याचं त्याचं यंत्र करतं. विंडोजवर हे डायरेक्टराइट करतं, ॲपलवर कोअर टेक्स्ट. विंडोजचा कल रेघ ठिपक्यांच्या रांगेत नीट बसवण्याकडे, ॲपलचा कल मूळ वळण जपण्याकडे. त्यात स्क्रीनवर इंचाला ठिपके किती, हा फरक वेगळाच. सोऱ्याची चकती तीच असली तरी दोघींच्या हातच्या चकल्या सारख्या पडत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगावं!

मुलाने आयफोनवर क्रोम टाकून पाहिलं आणि "तरी तेच" असं तुम्ही लिहिलंय. तसंच होणार. आयफोनवरच्या क्रोमच्या आतही सफारीचंच वेबकिट, म्हणजे पान स्क्रीनवर मांडणारं इंजिन, चालतं, ॲपलचा नियमच तसा आहे. युरोपीय संघात 2024 पासून तो सैल झालाय, आपल्याकडे नाही.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज 7 आहे. त्याला मिळालेलं शेवटचं क्रोम म्हणजे 109, तेही 2023 चं. आपला फॉन्ट त्यात उघडतो. दातेरीपणाचं कारण वेगळं: त्या मशीनवर क्लिअरटाइप, म्हणजे अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी विंडोजची सोय, बंद आहे. स्टार्ट मेनूत तो शब्द इंग्रजीत (ClearType) टाईप केला की सेटिंग सापडतं. त्यानंतरही मॅकबुकसारखं दिसणार नाही, पण वाचताना डोळे मिचकावे लागणार नाहीत.

आधी भलतीच अक्षरं येतात ते आम्ही ठरवून केलंय. फॉन्टची फाइल पोहोचेपर्यंत ब्राउझरपुढे दोन वाटा असतात: मजकूर लपवून साधारण तीन सेकंद वाट पाहायची, नाहीतर हाताशी असलेल्या फॉन्टात तो लगेच दाखवायचा. विंडोजवर तेव्हा निर्मला किंवा मंगल दिसतो, आयफोनवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो. एसटीत बसून, रेंज येते-जाते अशा ठिकाणी तुमचा दर बघणाऱ्याला कोरी जागा दिसण्यापेक्षा साध्या अक्षरातली किंमत दिसावी, असं माझं मत आहे. यावर वाद घालायला मी तयार आहे, बदलायला मात्र फारसा नाही.

काहींना फॉन्ट बदललेला दिसलाच नाही, त्याचं कारण मात्र निराळं. तुम्ही साइट नव्या होस्टिंगवर नेलीत तेव्हा ती डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू शिवाय उघडू लागली आणि फॉन्टचा पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट राहिला. ब्राउझरच्या लेखी या दोन परक्या साइट. चित्रं परक्या पत्त्यावरूनही येतात, फॉन्ट सर्व्हरने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय येत नाहीत. पत्ता काल सुधारलाय.

वर्तुळाचं मूळ मजकुरात आहे. मालाची यादी बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून उचलून चिकटवली गेलीय. त्यात 'ऑ' हे एक अक्षर नाही. 'आ' आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे आहेत. युनिकोडला, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणाला, ही जोडणी मान्य नाही. काही यंत्रणा ती चालवून घेतात, पण क्रोम आणि फायरफॉक्समध्ये अक्षरं जुळवणारी हार्फबझ ही यंत्रणा मधे ठिपक्यांचं वर्तुळ काढून बोट ठेवते. म्हणजे नणंदबाईंचा ब्राउझर बरोबर होता! त्याच यादीत 'पुऱ्या'चा 'पुर्या' झालाय, कारण चिकटवताना मधली न दिसणारी जोडखूण गळाली. यादी आमच्याकडून शुद्ध करून देतो, बिल लावणार नाही. पुढच्या वेळी मात्र थेट साइटवरच टाईप करा.

बॅनर आमच्याकडचा नाही, तुमच्या भाच्याने बनवलाय. पोराची हौस चांगली आहे. पण यात्रा वनला ठळक वजनच नाही, एकच वजन आहे. 'बोल्ड' मागितलं की ब्राउझर त्याच अक्षरांना फुगवून खोटं ठळक करतो, आणि प्रत्येक ब्राउझरची फुगवायची रीत वेगळी. शिवाय त्याने अक्षरांमधलं अंतर वाढवलंय. इंग्रजी मथळ्यात ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते. दोन्ही काढून टाकलं की बॅनर सरळ होईल. खोटं ठळक साइटभर बंद करण्याची ओळ मी टाकली आहे.

तुम्हाला दुसऱ्या कोणी सुचवलंय की सगळा मजकूर चित्रं करून लावला तर सगळीकडे हुबेहूब दिसेल. दिसेल, खरंय. पण मग सर्च इंजिनला तुमच्या दरपत्रकातलं काही वाचता येणार नाही, दृष्टिहीन ग्राहकाच्या स्क्रीन रीडरलाही नाही. फोनवर मोठं केलं की अक्षरं धुरकट होतील. आणि तिळाचा भाव वाढला की चित्र पुन्हा करायला डिझायनर शोधा. लोगोपुरतं चित्र ठीक, दरपत्रकाला मी ते लावणार नाही, पैसे जास्त दिले तरी.

पैशांचं: कोणत्या फोनवर आणि कोणत्या ब्राउझरवर तपासून देणार त्याची यादी कोटेशनला जोडलेली होती, आणि त्या यादीतल्या प्रत्येकावर शब्द, जोडाक्षरं आणि मांडणी नीट येते हे तुम्हाला दाखवूनच शेवटचा हप्ता घेतला. त्यामुळे परतावा देणार नाही. रिव्ह्यू काढा असंही म्हणणार नाही.

मालाच्या यादीचं काम या आठवड्यात होईल. भाच्याला बॅनरची मूळ फाइल घेऊन संध्याकाळी सातच्या आधी पाठवा, दोघं मिळून बसू. आणि नणंदबाईंना सांगा, यादी बदलल्यावरही वर्तुळ दिसलं तर स्क्रीनशॉटबरोबर ब्राउझरचं नाव आणि आवृत्तीही पाठवा.