मोबाइलपेक्षा खिडकी बरी

लहान मुलांसोबतच्या गाडीप्रवासावरचा लेख आवडला, पण 'कार्टून आधीच डाउनलोड करून ठेवा' हा सल्ला मला पटला नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच म्हणते. त्याहून मोठ्या मुलांचे डोळे स्क्रीनवर खिळलेले आणि शरीर वळणावर, अशाने घाटात मळमळतं, उलटीही होते. पुण्याहून सांगलीला येताना खंबाटकीच्या घाटातून आलात, तर तिथे मोबाइल नकोच.

आमच्या लेकीला खिडकीच पुरते. आष्टा-ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) रस्त्यावर ऊसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांगच असते. 'आता कोणत्या रंगाचा ट्रॅक्टर येईल?' एवढ्या प्रश्नावर हायवेवरचा पेठ नाका येतो. पुण्याकडे जाताना खंबाटकीला बोगदा लागतो, तिथे सगळ्यांनी मिळून 'ओऽऽ' करायचं. पुढे नीरा नदीच्या पुलावर पाणी दाखवायचं. मध्ये कंटाळा आलाच तर आजीची बडबडगीतं आहेतच.

खेळणी सगळी एकदम काढू नका, एकेक करून द्या. दर दीड-दोन तासांनी थांबून पोराला मोकळं पळू द्या, मग उशीर झाला तरी चालेल.

खाऊबद्दल लेखात काहीच नाही म्हणून सांगते. चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे अजिबात नकोत. आपल्याकडची द्राक्षंसुद्धा अख्खी देऊ नका, घशात अडकतात. उभी चिरून चार फोडी करा आणि गाडी थांबल्यावरच द्या. आणि रडलं म्हणून पुढच्या सीटवर मांडीत घेऊ नका हो, मागे बेबी सीटमध्येच बसवा.