छोट्या गावात पगार साठतो म्हणे

मागच्या जूनमध्ये पुण्याहून धाराशिवला बदली झाली तेव्हा जो भेटेल तो एकच म्हणायचा, मजा आहे बुवा तुझी, आता पगार नुसता साठणार. मलाही तसंच वाटलेलं, खोटं कशाला बोलू.

भाड्याचं खरंय. सिंहगड रोडला टू बीएचकेचे २२ हजार मोजत होतो, इथे ८ हजारात अंगणासकट घर, वर घरमालकीण काकू कढीपत्ता फुकट देतात. पण सरकारला पण हे कळतंच की! केंद्राच्या नोकरीत घरभाडं भत्ता शहराच्या लोकसंख्येवर ठरतो. ५० लाखांच्या वर एक्स, ५ ते ५० लाख वाय आणि उरलेले आम्ही झेड. बेसिक पगाराच्या अनुक्रमे ३०, २०, १० टक्के. पुणे २०११ च्या जनगणनेत जेमतेम ५० लाखांवर गेलं आणि २०१५ ला वायचं एक्स झालं. आता बेसिक ४४,९०० धरा, पुण्यात १३,४७० मिळतात, इथे ४,४९०. म्हणजे भाड्यात १४ हजार वाचले म्हणून मी नाचतोय आणि त्यातले ९ हजार भत्त्यातूनच गेलेत. प्रवास भत्ता कमी झाला तो वेगळाच.

किराण्याचं म्हणाल तर बिस्किटाचा पुडा, साबण, मोबाइलचा रिचार्ज, यांची किंमत गाव बघून बदलत नाही. स्वस्त काय, तर जिथे माणसाचा हात लागतो ते, कटिंग, इस्त्री, धुणंभांडी. पुण्यात मावशींनी पैसे वाढवून मागितले की आपण कुरकुरतो, पण त्यांना पण पुण्यातच खोली घेऊन राहायचंय ना, ते भाडं त्या आपल्याकडून नाही तर कुणाकडून काढणार? चहाच्या टपरीवाल्याचं पण तेच. मोठ्या शहरातली महागाई फिरून फिरून जागेवरच येते असं माझं तरी मत झालंय. डोंबिवलीची ताई म्हणते आमच्याकडे लोकलचा महिन्याचा पास एका वेळच्या हॉटेलच्या बिलात निघतो. बरोबरे ताई, पण रोजचे तीन तास जातात ते कुठल्या खात्यात लिहितेस?

आता इथलं ऐका. पुण्यात बस-मेट्रोवर भागायचं, इथे घरात दोन गाड्या आणि पेट्रोल. मे महिन्यात बोअर आटला की टँकर. आईचे गुडघे दाखवायला सोलापूर, म्हणजे सत्तरेक किलोमीटर, गाडी भाड्याने करायची, त्यात माझी एक रजा, आणि डॉक्टर म्हणाले पुढच्या आठवड्यात रिपोर्ट घेऊन या की परत तेच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे लेक अकरावी सायन्सला, तिला मेडिकलसाठीची 'नीट' परीक्षा द्यायचीय, मग क्लाससाठी लातूर. रूम, मेस, क्लासची फी. पुण्यात असतो तर घरून डबा घेऊन गेली असती. (क्लासची फी तिकडे पण काही कमी नसती, ते मान्य.)

परवा बायको हिशोबाची वही घेऊन बसली होती. घरभाडं धाराशिव लिहिलं, त्याच्या खाली घरभाडं लातूर लिहिलं, बेरीज केली आणि वही माझ्याकडे सरकवून कुकर लावायला गेली.