चंद्राचे दगड आणाल, पण ठेवाल कुठे?

चांद्रयान-४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २१०४ कोटी, दोन प्रक्षेपणं, अवकाशात डॉकिंग म्हणजे यानांची जोडणी, चंद्रावरची माती उचलून परत. आपल्याकडची चर्चा रॉकेट आणि डॉकिंगपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मंजुरीच्या निवेदनात एक वाक्य होतं की आणलेले नमुने जपण्यासाठी आणि तपासण्यासाठी सुविधा उभारल्या जातील. त्या वाक्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. माझं स्पष्ट मत आहे की मोहिमेचं वैज्ञानिक मोल त्याच वाक्यावर ठरणार आहे. पटत नसेल तर अमेरिकेच्या अपोलो मोहिमांनी आणलेल्या दगडांचं काय झालं ते बघा.

१९६९ ते १९७२ या काळात सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगडमाती आणली. अपोलो ११ ची साडेएकवीस किलो, अपोलो १७ ची एकशे दहा. यातला काही भाग ज्या पेट्यांतून आला त्या ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेल्या होत्या. जोड नाही, म्हणजे जोडातून गळती नाही. बंद करण्याची युक्ती अशी: एका कडेला धातूची धार, समोर इंडियम या अतिशय मऊ धातूची पट्टी. झाकण आवळलं की धार इंडियममध्ये रुतते आणि चंद्रावरची निर्वात स्थिती आत कोंडली जाते. शिवाय रबरासारख्या पदार्थाच्या दोन रिंगा. इंडियमवर धूळ बसू नये म्हणून टेफ्लॉनची संरक्षक पट्टी असायची, ती झाकण लावायच्या अगदी आधी काढायची.

कागदावर उत्तम. पण चंद्रावरची धूळ काचेच्या चुऱ्यासारखी टोकदार असते, कारण तिथे कण घासून गोल करायला वारा नाही, पाणी नाही. ती सगळीकडे चिकटते. पट्टीवर चार कण राहिले किंवा नमुन्याच्या पिशवीचा कोपरा कडेत अडकला की धार नीट रुतत नाही. काही पेट्या नासाच्या ह्यूस्टनमधल्या केंद्रात पोचेपर्यंत गळल्या होत्या, आत पृथ्वीची हवा शिरली होती. पेट्या गळल्या नसत्या तरी एक गोची होतीच: सीलमधलं इंडियम नमुन्यांना लागलं. त्यामुळे 'चंद्रावर इंडियम किती' हे या नमुन्यांवरून खात्रीने मोजणं कठीण होऊन बसलं. सील निवडताना हा विचार करायला हवा होता.

परतीच्या प्रवासातही दगड म्हणजे नुसतं सामान नव्हतं. कमांड मॉड्यूल, म्हणजे अंतराळवीरांना परत आणणारा यानाचा भाग, सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरायचं, क्षितिजाशी साधारण साडेसहा अंशांच्या कोनात. कोन फार उथळ झाला तर यान वातावरणावरून उसळून बाहेर जाणार, फार खडा झाला तर उष्णता आणि दाब सहनशक्तीपलीकडे. या निमुळत्या वाटेत यान वळवता यायचं, कारण त्याचा गुरुत्वमध्य मुद्दाम एका बाजूला ठेवलेला होता. त्यातून थोडी उचल, म्हणजे हवेचा वर ढकलणारा जोर, मिळायची. म्हणून कुठल्या कप्प्यात किती किलो, हे आधीच ठरलेलं. अपोलो १३ चंद्रावर उतरलंच नाही, दगड मिळालेच नाहीत, तेव्हा वजन जुळवायला लूनर मॉड्यूलमधलं (चंद्रावर उतरायच्या यानातलं) सामान कमांड मॉड्यूलमध्ये हलवावं लागलं. अपोलो ११ च्या वेळी ठरलेल्या ठिकाणी वादळी हवामान होतं, म्हणून याच उचलीच्या जोरावर यान सुमारे ४०० किलोमीटर पुढे नेऊन २४ जुलै १९६९ रोजी पॅसिफिकमध्ये उतरवलं. (उतरलं ते उलटं. हवेच्या पिशव्या फुगवून सरळ केलं.)

मग क्वारंटाइन, चंद्रावरचे जंतू पृथ्वीवर पसरू नयेत म्हणून. त्याचे फोटो खूप फिरतात, पण तो बराचसा देखावाच होता. समुद्रात यानाचं दार उघडलं, आतली हवा बाहेर, अंतराळवीर रबरी होडीत, आणि त्यानंतर, चंद्र सोडल्यापासून एकवीस दिवस भरेपर्यंत, कडेकोट बंदोबस्त! उंदीर, झुरळं, लावे यांच्यावर चंद्राच्या मातीचे प्रयोग झाले, रोगकारक असं काही सापडलं नाही, आणि अपोलो १४ नंतर ही पद्धत बंद केली. दगडांच्या दृष्टीने खरा धडा वेगळा होता. पहिल्या पेट्या निर्वात कक्षात, त्याच्या भिंतीत बसवलेल्या हातमोज्यांतून हात घालून उघडल्या. बाहेर हवेचा दाब, आत काहीच नाही, त्यामुळे हातमोजे फुगून ताठ व्हायचे, बोटं धड हलायची नाहीत, मोज्याला भोक पडलं की बाहेरची हवा थेट नमुन्यावर. म्हणून निर्वाताचा नाद सोडून शुद्ध नायट्रोजनच्या कॅबिनेटवर यावं लागलं. आत दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त, म्हणजे छिद्र पडलं तरी वारा बाहेरच वाहणार.

ह्यूस्टनला आजही हीच पद्धत आहे. नमुन्याला स्पर्श करायला फक्त स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम आणि टेफ्लॉन यांना परवानगी. दगड कापायचा तर करवत कोरडीच, पाणी नाही, तेल नाही. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, प्रत्येक तुकड्याच्या वजनाची नोंद. आणि जवळजवळ सातवा हिस्सा न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला वेगळा ठेवलेला, कारण ह्यूस्टन चक्रीवादळांच्या पट्ट्यात येतं. चीननेही चांग-अ ५ या चांद्रमोहिमेने आणलेल्या १७३१ ग्रॅममधला काही भाग बीजिंगबाहेर, हुनान प्रांतात ठेवला आहे.

एवढा आटापिटा कशासाठी? अपोलो १६ चा ६६०९५ क्रमांकाचा दगड घ्या. त्यावर गंज सापडला. चंद्रावर पाणी नाही म्हणत असताना गंज कसा? तिथलाच, की इथल्या दमट हवेने आलेला? हा वाद कित्येक दशकं चालला. मातीत अमिनो आम्लं सापडली, ती बहुतांश पृथ्वीवरचीच होती हे २०१६ मध्ये स्पष्ट झालं. नोंदी आणि शुद्धता यांत एकदा ढिलाई झाली की पुढची पन्नास वर्षं प्रयोगशाळा त्याचं व्याज भरतात.

नोंदीचं महत्त्व तर आपल्या मुंबईतल्या कामातूनच दिसतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपोलोच्या नमुन्यांवर काम केलं होतं. वैश्विक किरणांमधली लोहासारखी जड अणुकेंद्रं खनिजाच्या स्फटिकातून जाताना सूक्ष्म जखम सोडतात. स्फटिक घासून, रसायनात बुडवून त्या जखमा रुंद करायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. पृष्ठभागाजवळ जास्त, आत कमी. त्यावरून दगड किती काळ उघड्यावर पडून होता ते कळतं. पण त्यासाठी दगडाची वरची बाजू कुठली हे माहीत हवं. अपोलो ११ ला वेळ इतका कमी होता की बरेच दगड फोटो न काढताच उचलले गेले. पुढच्या मोहिमांनी उचलण्याआधी आणि नंतर फोटो, मग क्रमांकाची पिशवी, अशी शिस्त लावली.

घाईने केलेल्या एका कामाचा मात्र फायदा झाला. पेटीत मोकळी जागा दिसली म्हणून आर्मस्ट्राँगने फावड्याने माती भरली. त्या मातीतल्या पांढऱ्या कणांवरून भूशास्त्रज्ञ जॉन वुड यांनी १९७० मध्ये मांडलं की चंद्राचा पृष्ठभाग कधीकाळी वितळलेल्या खडकाचा समुद्र होता. म्हणून 'दगड महत्त्वाचे, माती दुय्यम' असं चांद्रयान-४ च्या बाबतीत कुणी म्हटलं तर ऐकू नका.

आपण आतापासून तीन गोष्टी विचारायला हव्यात. एक, दुसरी साठवणूक कुठे, आणि ती वेगळ्या हवामानात आहे का. दोन, किती हिस्सा न उघडता ठेवणार. अपोलो १७ ने चंद्रावरच निर्वातात बंद केलेली ७३००१ क्रमांकाची मातीची नळी २०२२ मध्ये उघडली, कारण १९७२ मध्ये नव्हती ती उपकरणं आता आहेत. तीन, सराव कशावर. यासाठी लोणारइतकं चांगलं साहित्य जगात फार कमी ठिकाणी आहे: बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकात, झालेलं आघात-विवर, आणि आघाताने तयार झालेली काच. खरा नमुना यायच्या आधी लोणारचे तुकडे तशाच कॅबिनेटमधून, तशाच मोज्यांनी, तशाच नोंदवहीसकट फिरवून घ्यावेत. एक सावधगिरी: सरावाची कॅबिनेट खऱ्या नमुन्यांना वापरायची नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये आणि चंद्राच्या बेसॉल्टमध्ये पायरॉक्सीन आणि फेल्डस्पार ही दोन्ही खनिजं असतात, ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाणही जवळजवळ सारखंच. लोणारचा एक कण मागे राहिला तर तो ओळखून बाजूला काढायला घाम फुटेल.