एकटी बाई फिरायला निघते तेव्हा

"सोबत कोण आहे?"

हा प्रश्न मला घरी विचारतात, बसमध्ये विचारतात आणि लॉजच्या काउंटरवरही विचारतात. घरचे काळजीपोटी विचारतात, बसमधल्या बायका कुतूहलाने. काउंटरवरचा माणूस विचारतो तेव्हा मात्र माझ्या उत्तरावर माझी रात्र ठरणार असते. म्हणून आज यावर सविस्तर लिहितेय.

पन्नाशीनंतर मी एकटीने फिरायला लागले. यजमानांना प्रवास सोसत नाही आणि आवडतही नाही. मुलं आपापल्या नोकऱ्यांत. मैत्रिणींचं जमवायचं तर एकीच्या घरी लग्न, दुसरीच्या सुनेचं बाळंतपण, तिसरीचे गुडघे. तारखा जुळायची वाट बघत बसले असते तर आज जे पाहिलंय त्यातलं निम्मंही पाहून झालं नसतं.

हा प्रश्न फार जुना आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या. तेव्हा बंगालमधल्या सेरामपूरला भरसभेत उभं राहून त्यांना लोकांच्या शंकांना उत्तरं द्यावी लागली, आणि त्यात 'एकटी का चाललीस?' हीदेखील होती. वयाची अठरा वर्षंही पुरी नव्हती. त्यांनी सरळ सांगितलं की दोघांनी जाण्याइतके पैसे नाहीत आणि गोपाळरावांवर आई-भावंडांची जबाबदारी आहे. बोटीत मिशनरी बायका सोबतीला होत्या, पण आपलं म्हणावं असं कुणीही नव्हतं. आज त्यांचा फोटो शाळाशाळांत लावतो आपण. आणि आपल्याच घरातली बाई दोन दिवस एकटी कुठे निघाली तर तिला मात्र तोच प्रश्न विचारतो.

खरं तर एकट्या बाईने प्रवास करणं आपल्याकडे नवं नाहीच. पहाटेच्या लोकलमध्ये मासळीच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या बायका बघा. बाजाराच्या दिवशी पहिल्या एसटीने भाजीची गाठोडी घेऊन येणाऱ्या बघा. दवाखान्यासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, माहेरच्या मयतीसाठी बायका रात्री-अपरात्री एकट्या जातात. त्यांना कुणी 'धाडसी' म्हणत नाही. बाई कामासाठी, दुःखासाठी किंवा देवासाठी बाहेर पडली तर चालते. नुसतं बघायला, स्वतःच्या आनंदासाठी निघाली की कपाळाला आठ्या पडतात. मला हे मनापासून खटकतं. नवऱ्याचं, मुलांचं, सासू-सासऱ्यांचं सगळं करून झाल्यावरही स्वतःच्या हौसेसाठी एक तिकीट काढायला बाईला कारण का द्यावं लागावं?

आता लोणारबद्दल सांगते, कारण तिथे मला एकटीने फिरण्यातलं सुख नीट कळलं.

जालन्याहून एसटीने आधी सिंदखेडराजा गाठलं. जिजाऊंचं जन्मस्थान. १२ जानेवारीला तिथे पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. मी गेले तेव्हा लखुजी जाधवांच्या वाड्यात शाळेची एक सहल आणि मी, एवढेच होतो. सहल अर्ध्या तासात निघून गेली. मग मी त्या जाड भिंतींच्या सावलीत बसून राहिले. कुणी 'चला, उशीर होतोय' म्हणालं नाही, कुणाला भूक लागली नव्हती, कुणाचे फोटो काढायचे नव्हते. घरच्यांसोबत मी कितीतरी ठिकाणी गेलेय, पण त्या ठिकाणांच्या माझ्या आठवणीत डबे, पाण्याच्या बाटल्या आणि कुणाची तरी चप्पल हरवलेली, हेच जास्त आहे. इथे पहिल्यांदा माझं सगळं लक्ष समोरच्या गोष्टीवर होतं.

लोणारला दैत्यसूदनाच्या देवळात तर मी मनसोक्त वेळ घालवला. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम एकदा उजवीकडून बघितलं, ऊन फिरल्यावर पुन्हा बघितलं. सकाळी सपाट वाटलेल्या मूर्ती तिरप्या उन्हात उठून आल्या. सोबत कुणी असतं तर दुसऱ्यांदा तिथे परत जायचं मी बोललेही नसते. नको बाई, त्यांचा कशाला खोळंबा, असं म्हणून गप्प बसले असते. बायकांना ही सवय इतकी मुरलेली असते की आपल्याला नेमकं काय बघायचंय हेच अनेकींना ठाऊक नसतं.

सरोवराकडे उतरायचं म्हटल्यावर मात्र मी थबकले. ते उल्का आदळून झालेलं जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे आणि उताराला दाट झाडी. खाली काठावर कमळजा देवीचं देऊळ. एकटीने त्या झाडीत शिरायचं नाही, हे मी ठरवूनच गेले होते. धारेपाशी थांबले, जिथे गोड्या पाण्याची धार अखंड पडते आणि खाली सगळं सरोवर खारं. तिथे देवीला निघालेल्या गावच्या बायकांचा घोळका भेटला. त्यातल्या एका आजींनी विचारलंच, "एकलीच आली का वं माय?" हो म्हटलं. "मग चाल आमच्यासंगं," म्हणाल्या, आणि पुढे चालायलाच लागल्या.

वाटभर त्यांनी मला अख्खं गाव सांगितलं. कोरोनाच्या साली, म्हणजे जून २०२० मध्ये, पाणी गुलाबी झालं होतं तेव्हा टीव्हीवाले कसे आले, कुणी त्याला देवीचा कोप म्हटलं. पुढे पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. मी हे आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अस्सं होय," आणि मग मला मुलं किती, सून कशी, गुडघे दुखतात का, हे सगळं विचारून घेतलं. त्यांनीही स्वतःचं सांगितलं. जे सांगितलं ते इथे लिहिणार नाही. पण मला खात्री आहे, मी चार नातेवाइकांच्या घोळक्यात असते तर त्यांनी मला हाक मारली नसती आणि मीही थांबले नसते.

हे झालं सुख. आता राग येतो त्याबद्दल.

एका तीर्थक्षेत्री संध्याकाळी पोचले. भक्तनिवासात खोल्या रिकाम्या होत्या. आधारकार्ड पुढे केलं, पैसे पुढे केले. "एकट्या माणसाला खोली देत नाही." कारण विचारलं तर "नियम आहे." मग दोन लॉज पालथी घातली. एकाने सरळ नाही म्हटलं, दुसऱ्याने "साहेब मागून येणार आहेत का?" असं विचारलं. तिसऱ्या ठिकाणी काउंटरवर मालकीणबाई होत्या. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि किल्ली दिली.

हे नाकारणं फक्त बायकांच्या वाट्याला येत नाही. एकट्या पुरुषांनाही, विशेषतः तरुण मुलांना, हेच ऐकावं लागतं. कारण लॉजवाले खासगीत सांगतात: एकटा माणूस खोलीत जिवाचं काही बरं-वाईट करून घेईल, मग पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल. भीती मला समजते. असे प्रसंग घडलेले असतात आणि त्यांना त्रास झालेला असतो. पण सज्ञान माणूस ओळखपत्र दाखवतोय, पैसे भरतोय, आणि केवळ एकटा आहे म्हणून त्याला रात्री रस्त्यावर काढायचं? एकट्याला खोली देऊ नका असं सांगणारा कोणताही कायदा नाही. शिवाय जो खरोखरच खचलेला आहे त्याला दाराबाहेर काढून त्याचं काय भलं होणार आहे? घरचा एक फोन नंबर लिहून घ्या, रात्री जेवणाचं विचारा, सकाळी चहा पाठवा. माणुसकीने जेवढं साधेल तेवढं नियमाने साधत नाही.

देवस्थानांच्या विश्वस्तांना तर माझं हात जोडून सांगणं आहे. तुमच्याकडे येणाऱ्यांत विधवा आहेत, परित्यक्ता आहेत, लग्न न केलेल्या आहेत, ज्यांचं कुणीच उरलं नाही असे म्हातारे आहेत. देवाच्या दारी येताना माणूस बहुतेकदा एकटाच असतो हो. त्याला निजायला जागा नाकारायची, हे कुठल्या संताच्या शिकवणीत बसतं?

खर्चाचंही तसंच. खोलीचं भाडं दोघांचं, रिक्षा पूर्ण आपल्यावर, गाईडची फी तेवढीच. सहल कंपन्या स्वतंत्र खोलीसाठी वर पैसे घेतात. आणि प्रवासात स्वच्छतागृह हा बायकांसाठी सगळ्यात मोठा प्रश्न, त्यात एकटी असलं की सामान कुणावर सोपवायचं? म्हणून माझा एकच नियम: जी पिशवी घेऊन स्वच्छतागृहात जाता येत नाही, ती न्यायचीच नाही. पाणी कमी पिऊन दिवस काढू नका, हे मी प्रत्येकीला सांगते. त्याने आजारी पडाल आणि परगावी एकटीने तापात पडून राहणं फार वाईट.

भीती वाटते का? वाटते. एकदा दिवेलागणीला एका स्टँडवर एक माणूस तीन वेळा जवळ येऊन "कुठं जायचंय, सोडतो" म्हणाला. मी उठून चौकशीच्या खिडकीशी, बायका उभ्या होत्या तिथे जाऊन उभी राहिले आणि मोठ्या आवाजात वाहतूक नियंत्रकांना गाडीची वेळ विचारली. तो निघून गेला. या भीतीला मी कमी लेखत नाही, आणि कुणा मुलीला 'काही होत नाही, जा बिनधास्त' असं सांगणार नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं, पहिल्या रात्रीची खोली फोनवर 'मी एकटी आहे' असं स्पष्ट सांगूनच ठरवायची, गाडीचा नंबर घरी कळवायचा, ११२ आणि रेल्वेचा १३९ पाठ असू द्यायचा.

सोयी अगदीच नाहीत असंही नाही, पण आपल्या बायकांना त्या माहीत नसतात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि त्यानंतर बसमध्ये एकट्या बायका मला कितीतरी जास्त दिसायला लागल्या. लांब पल्ल्याच्या रेल्वेत एकट्या बायकांसाठी रेल्वे सुरक्षा दलाचा 'मेरी सहेली' उपक्रम २०२० पासून आहे. गाडी सुटताना महिला जवान येऊन डबा आणि सीट नंबर लिहून घेतात आणि पुढच्या स्टेशनांना कळवतात. १९८९ च्या रेल्वे कायद्यात तर असंही आहे की सोबत पुरुष नसलेल्या बाईकडे तिकीट नसलं तरी तिला रात्री गाडीतून उतरवता येत नाही आणि दिवसाही वाटेतल्या कुठल्याही आडस्टेशनवर नाही. राज्याने २०२३ मध्ये पर्यटनासाठी 'आई' नावाचं महिला धोरण आणलं, त्यात पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या बायकांना कर्जाच्या व्याजाचा परतावा आहे. याचा फायदा घेऊन गावोगावी बायकांनी घरगुती निवास काढले, तर आमच्यासारख्यांचा अर्धा प्रश्न सुटेल. काउंटरवर बाई असली की काय फरक पडतो ते मी स्वतः पाहिलंय.

माझ्या धाकट्या जावेने परवा विचारलं, "ताई, कंटाळा नाही का येत एकटीला?" येतो. रात्री जेवताना येतो. खानावळीत सगळी टेबलं भरलेली आणि आपण एकटीच भाकरी मोडतोय, तेव्हा घरच्यांची फार आठवण येते. मग फोन करते. यजमान विचारतात, आज काय काय पाहिलंस? मी सांगत जाते आणि ते ऐकत राहतात. एरवी घरी आमचं गॅसचं बुकिंग आणि लाइटबिल यापलीकडे फारसं बोलणं होत नाही. जावेला म्हटलं, तूही एकदा जाऊन बघ. लांब नको, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येशील असं एखादं ठिकाण निवड. ती नुसती हसली. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला, वाईला जाणाऱ्या गाड्या स्वारगेटहून किती वाजता असतात?

दिवाळीनंतर मी परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जायचं म्हणतेय. तिथे बाईमाणसाने चालवलेलं, एकटीला आनंदाने ठेवून घेणारं घरगुती निवासस्थान कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा. तुमच्या स्वतःच्या गावात, तालुक्यात असं ठिकाण असेल तर तेही सांगा. मी यादी करायला घेतलीय, मागेल तिला पाठवेन.