प्रश्न गिळा, चहा वाटा

तरुण बंधुभगिनींनो, जय ख्रिस्त.

मंडळीत टिकून कसं राहावं याबद्दल चार शब्द सांगावेत असं गेल्या रविवारपासून फार वाटतंय. गेल्या रविवारी काय झालं ते सांगेनच, पण आधी सोप्या गोष्टी.

'तरुण हे मंडळीचं भविष्य आहे' हे वाक्य तुम्ही असंख्य वेळा ऐकलं असेल. त्याचा अर्थ नीट समजून घ्या. भविष्य म्हणजे आत्ता नाही. आत्ता मुलांनी लाल खुर्च्यांच्या थप्प्या हॉलमधून अंगणात आणि अंगणातून हॉलमध्ये न्यायच्या, मुलींनी कागदी कपांतून चहा वाटायचा, आणि कापणीच्या सणाला लिलावातले भोपळे दोघांनी मिळून टेबलावर मांडायचे. कमिटीत बसायची हौस असेल तर पन्नाशीपर्यंत दम धरा. साठी उलटली असेल तर उत्तमच.

उपासना मराठी असली तरी गाणी इंग्रजीत म्हणा. पेटी-तबला स्टोअररूममध्ये, नाताळातल्या गव्हाणीच्या मागे ठेवा. आमच्याकडे आता स्टेजवर धूर सोडणारं यंत्र आलंय. परवा मागच्या बाकावरच्या एक आजी डोळे पुसत होत्या, तर गायनवाल्यांना वाटलं आत्म्याचा स्पर्श झाला. धूर गेला होता डोळ्यांत.

ऑफिसात कोणी 'ख्रिश्चन असून मराठी एवढं छान कसं?' विचारलं तर गोड हसा.

ग्रुपवर रोज पहाटे एक वचन टाका. यिर्मया 29:11 सगळ्यांत सुरक्षित, कारण त्यात हिताचे संकल्प आहेत, आशा आहे, मागे सूर्योदयाचा फोटो छान बसतो. फक्त दहावी ओवी कोणाला वाचू देऊ नका. तिथे यिर्मयाच्या पत्रातून देव बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना सांगतोय की सत्तर वर्षं थांबा. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले निम्मेअधिक तिथेच मातीत जाणार होते. हे सूर्योदयावर कसं लिहिणार?

आता मुख्य पथ्य. प्रश्न विचारू नका. अगदीच घशाशी आला तर चहाबरोबर गिळा. आपल्या पुण्याला या चहाचा मोठा इतिहास आहे. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा पुढे आला, आणि त्यापायी टिळक-रानड्यांसारख्यांच्या मागे ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकायचा खटला लागला, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. तेव्हा चहा प्यायला म्हणून बोंब व्हायची. आता बोंब होऊ नये म्हणून चहा पाजतात.

मी गिळला नाही, तिथेच चुकलं.

तरुण संघाची बैठक होती. विषय, 'विजयी विश्वास'. आमचे संघाचे दादा बोलत होते. खोलीत जेमतेम वीस जण, तरी दादांच्या गालाला तो छोटा माईक. म्हणाले, देव बरं करतोच. कोणी बरं झालं नाही तर समजायचं की विश्वासात कुठेतरी भोक आहे. तिसऱ्या रांगेत माझी मावसबहीण बसली होती. सतरा वर्षांची. तिची आई, म्हणजे माझी मावशी, कॅन्सरने जाऊन एकवीस दिवस झाले होते. खुर्चीच्या हाताला प्लास्टिकचा एक टवका सुटला होता, तो ती नखाने खरवडत होती. दादा बोलत राहिले, ती खरवडत राहिली. टवका तुटला, तेव्हा तिने तो मुठीत धरला आणि मूठ शेवटपर्यंत उघडली नाही.

मी हात वर केला. म्हटलं, "दादा, ईयोबाचा विश्वास कमी पडला होता का?" ईयोब म्हणजे बायबलातला तो भला माणूस, ज्याची मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गेलं.

दादा हसले. म्हणाले, "ताई, असे प्रश्न मनात कोण घालतो ते तुला माहीत आहे. चला, आपण प्रार्थना करू या."

ही युक्ती शिकून ठेवा, फार उपयोगी आहे. सगळ्यांचे डोळे मिटले की हात वर केलेला दिसत नाही.

नंतर चहाच्या वेळी एक काकू म्हणाल्या, "एवढं थिऑलॉजीचं वेड असेल तर बिबवेवाडीला ॲडमिशन घे की." त्यांचंही खरं आहे. तिथली धर्मशास्त्र शिकवणारी सेमिनरी 1983 साली यवतमाळहून उचलून पुण्यात आणली, नगर रस्त्यावर कॅथलिकांचं ज्ञानदीप आहे. ईश्वरविज्ञानाची शहरात एवढी सोय असताना ते चर्चमध्ये कशाला आणायचं?

पण ईयोब तर चर्चमध्येच वाचतो ना आपण? निदान पहिला अध्याय आणि शेवटचा, मधलं सगळं वगळून. मधे काय आहे? एक माणूस राखेत बसून देवाशी भांडतोय, जन्माच्या दिवसाला शाप देतोय, माझा खटला ऐकून घे म्हणतोय. आणि तीन मित्र देवाची वकिली करताहेत, की तूच काहीतरी केलं असशील, देव उगाच शिक्षा करत नाही. शेवटी देव संतापतो तो कोणावर? अलीफज आणि त्याच्या दोघा दोस्तांवर. ईयोबालाही वादळातून चार शब्द ऐकावे लागले, नाही असं नाही; पण माझ्याविषयी नीट बोलला तो हाच, असं प्रमाणपत्र मिळालं त्यालाच. त्या तिघांना वर ईयोबाकडूनच प्रार्थना करून घ्यावी लागली. आमच्या दादांनी अलीफजाचीच नोकरी धरली आहे, बिनपगारी.

योहानाचा नववा अध्याय घ्या. जन्मांध माणूस समोर, आणि शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणाला, याचंही नाही, त्यांचंही नाही. सरळ उत्तर आहे. तरी आमचा शोध चालूच.

आणि पंडिता रमाबाई! दर मार्च-एप्रिलला केडगावला बस काढता ना? त्यांच्या मुक्ती मिशनचे फोटो टाकता ना स्टेटसवर? दुष्काळात त्या बाईचे आईवडील गेले, बहीण गेली, मग भाऊ गेला. 1882 साली नवरा कॉलऱ्याने गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पदरात एक मुलगी, मनोरमा. तीही 1921 साली आईच्या आधी गेली. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणणारी बाई ती. तिच्या विश्वासात भोक होतं का? मोजून सांगा, केवढं होतं? आणि प्रश्नांचं म्हणाल तर 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही या बाईने त्रैक्यावरून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव) आणि बिशपांच्या अधिकारावरून तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून तंडून घेतलं. आज आमच्या संघात असत्या तर पहिल्याच बैठकीत डोळे मिटायला लावले असते त्यांना.

बघा, मी सल्ला द्यायला बसले होते. राहू दे तो.

दादा, तुमच्याशीच बोलते. मे महिन्यात तुम्ही मावशीला स्टेजवर उभं केलंत. चौथी केमो झाली होती, डोक्याला निळा स्कार्फ होता, माईक धरलेला हात थरथरत होता म्हणून मावसबहिणीने खालून आधार दिला होता. मी समोरच होते. मावशी म्हणाली, "आज जरा बरं वाटतंय. पुढचं देवाला माहीत." एवढंच. तुम्ही पुढचं वाक्य कापलंत, 'आज जरा' कापलंत, खाली 'प्रभूने बरं केलं' असं लिहून, मागे संगीत लावून व्हिडिओ टाकलात. लोकांनी हात जोडले, हृदयं टाकली. मावशी गेली त्या रात्री तो व्हिडिओ गुपचूप काढून टाकलात. घरी आला नाहीत. मातीला आलात ते गेटपाशी उभं राहून फोनवर बोलत होतात. आणि एकविसाव्या दिवशी तिच्या पोरीसमोर म्हणता, विश्वासात भोक?

लाज वाटायला हवी होती. मावशीचा विश्वास त्या कापलेल्या वाक्यात होता. तुम्हाला तो व्हिडिओला उपयोगी नव्हता म्हणून दिसला नाही. आणि आपण सगळे, मीही त्यात आले, 'आमेन' लिहून पुढे सरकलो. ते वाक्य कापलेलं मला तेव्हाच कळलं होतं. तेव्हा मीही चहाच वाटत होते.

मावसबहीण या रविवारी आली नाही. तिला 'प्रेयर रिक्वेस्ट'च्या यादीत टाकू नका. तिच्या घरी जा. वडगाव शेरी काही लांब नाही. ते तिघे मित्रसुद्धा आधी सात दिवस, सात रात्री ईयोबाशेजारी जमिनीवर गप्प बसले होते, तोंड नंतर उघडलं. तुम्ही अर्धा तास बसा. माईक घरी ठेवून जा, फोन खिशात ठेवा, वचन सांगू नका, डोळे उघडे ठेवा. तिने चहा केला तर प्या, आणि कप स्वतः विसळून ठेवा.